पंधरा शतांशातली सुपारी

माझ्या फिलर गेजचं, म्हणजे बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या संचाचं, ०.१५ मिलिमीटरचं पान परवा रविवारी एका माणसाच्या दाढेत गेलं. परत मिळालं, पण वाकडं होऊन. त्याला सुपारीचा वास येतो, म्हणून मी ते बाकीच्या पानांत घालायला तयार नाही. सध्या ते स्वयंपाकघराच्या खिडकीत, लिंबाच्या लोणच्याच्या बरणीशेजारी पडलंय. बायको म्हणते टाकून द्या. कसं टाकू? तेरा पानांचा संच आहे, पाच शतांशापासून एक मिलिमीटरपर्यंत, आणि त्यात माझ्या कामाचं पान हे एकच होतं.

गाडी मारुती ८००, १९९८ची, वडिलांनी घेतलेली. महिनाभर बॉनेटखालून टकटक येत होती. खालच्या मजल्यावरच्यांनी "शिलाई मशीन घेतलंय काय?" असं विचारलं, तेव्हा टॅपेट करायला आलेत हे मान्य करावं लागलं.

आता टॅपेट म्हणजे काय, हे मी तीन रात्री जागून शिकलो, तेव्हा तुम्हीही दोन मिनिटं द्या. इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात. माझ्या गाडीत सिलिंडर तीन, प्रत्येकाला दोन, म्हणजे एकूण सहा. त्यांच्या डोक्यावर रॉकर नावाचा छोटा दांडा टोला देतो, की ते उघडतात. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात बारीकशी फट ठेवायची असते, ती नीट लावणं म्हणजेच टॅपेट करणं. फट जास्त झाली की टकटक. कमी झाली तर व्हॉल्व्ह नीट मिटतच नाही. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या मारत असेल, तर एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो आणि मिटतो. एवढ्या घाईत बिचाऱ्यानं करायचं तरी काय! आणि ही फट मोजायची ती इंजिन गार असताना, कारण धातू तापला की फुगतो आणि सगळी मापं बदलतात. गार इंजिनाला आकडा ०.१५च्या आसपास. दोन केसांची जाडी म्हणा.

तर मुद्दा असा की इंजिन गार पाहिजे. आमचं घर मंगळवार पेठेत, गॅरेज उद्यमनगरात, मध्ये जेमतेम पाऊण किलोमीटर. चालवत नेली तर तापणार, मग तास-दोन तास थांबणार. म्हणून मी ठरवलं, ढकलत न्यायची. चिरंजीव दहावीत आहेत, त्यांना स्टिअरिंगवर बसवलं. आजही मला ही कल्पना चुकीची वाटत नाही. चुकलं ते शहर. कोल्हापुरात भर रस्त्यात गाडी ढकलणं ही खासगी गोष्ट राहत नाही.

पहिल्याच चहाच्या टपरीवरून एक म्हातारे उठले. पांढरा शर्ट, पांढरा लेंगा, डोक्यावर टोपी, पायात करकर वाजणारं पायताण, आणि मे महिन्यात काखेत छत्री. बशीतला उरलेला चहा एका घोटात संपवून माझ्या शेजारी आले आणि डिकीला एक हात लावला. एकच. दुसऱ्यात छत्री होती.

"बंद पडली?"

"नाही आबा, चालू आहे."

"मग ढकलतायसा कशापायी?"

"गरम होऊ नये म्हणून."

त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, चष्मा परत घातला. "पेट्रोल संपलंय म्हणा की सरळ. त्यात लाजायचं काय? आमच्या जावयाचंबी संपतंय."

मी टॅपेटची गोष्ट सांगितली. त्यांनी मान डोलावली आणि समोरून येणाऱ्या दोन तालमीतल्या पोरांना हाक मारली, "ए पैलवान, या हिकडं! सायबांचं पेट्रोल संपलंय." पोरं धावत आली. एकानं काचेतून आत डोकं घालून चिरंजिवांना सांगितलं, "सेकंडात टाक, क्लच दाब, म्हटलं की सोड!" चिरंजीव म्हणाले, "काका, चालू करायची नाहीये." तो म्हणाला, "घाबरू नको रे भावा, आमी हाय की."

मी पुन्हा सगळं सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर आबांना एकदम उलगडा झाला. "म्हंजे हिला ताप आलाय."

"आला नाही. येऊ नये म्हणून."

"हां. लस टोचायला चाललाय म्हणा की."

पोरं अर्ध्या वाटेवर हसत निघून गेली. आबा नाही गेले. उद्यमनगरापर्यंत एका हातानं, खरं सांगायचं तर दोन बोटांनी, त्यांनी गाडी ढकलली आणि वाटेत भेटेल त्याला लस टोचायची बातमी दिली.

गॅरेजमध्ये मिस्त्री चिंधीला हात पुसत बाहेर आले. मी "इंजिन अगदी गार आहे, रात्रभर उभी होती" हे वाक्य मनात जुळवत होतो, तेवढ्यात आबा म्हणाले, "मिस्त्री, आदी आवाज ऐका." आणि मिस्त्रींनी चावी फिरवली. फिरवली ती फिरवली, वर एक्सिलरेटर दाबला, सोडला, दाबला. चांगली सात-आठ मिनिटं. आबा छत्रीचं टोक इंजिनाला टेकवून, मूठ कानाला लावून, डोळे मिटून ऐकत होते. तापमानाचा काटा वर चढताना मी बघत होतो. पाऊण किलोमीटर घामाघूम होऊन मी जो गारवा ढकलत आणला, तो माझ्या डोळ्यांदेखत उडून गेला.

"आवो, गार पाहिजे होतं!" मी ओरडलो.

"आवाज ऐकल्याबिगर टॅपेट हाय का बेरिंग, कळणार कसं?" मिस्त्री म्हणाले. आणि राग येतो तो याचाच, की ते बरोबर होतं. "आता बसा दोन तास."

आम्ही बसलो. म्हणजे मी, चिरंजीव आणि आबा. आबांना कुणी बसा म्हटलं नव्हतं, पण बाकावरची बरी जागा त्यांनीच घेतली, आणि खिशातून अडकित्ता काढला.

आबा गुळव्या होते. तीस-पस्तीस वर्षं गुऱ्हाळावर काहिलीसमोर उभं राहून गूळ केलेला माणूस. काहिलीतल्या रसाला उकळी कशी फुटते, मळी कधी काढायची, भेंडीचं पाणी कधी घालायचं, चुलवाणात चिपाड किती कोंबायचं, हे सगळं मला रविवारी सकाळी कळलं, विचारलेलं नसताना. "थर्मामीटर लावला न्हाई कवा. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटानं गोळी वळायची. वळली तर गूळ, न्हाई तर काकवी. थर्मामीटर लावून केला तर गूळ न्हाई हुत, औषध हुतंय."

"पण इंजिनाचं तसं नसतं, आबा."

"इंजिनाचं सांगू नका मला. आमचा घाणा इंजिनावरच फिरायचा." मग जरा पुढं वाकून, चिरंजिवांना उद्देशून, "ध्यानात ठेव पोरा. वाजतंय त्यो वाल जित्ता हाय. गप बसला की समजायचं, जळाय लागलाय."

मी हसणार होतो. पण हेच वाक्य, फक्त शुद्ध भाषेत आणि पन्नास पट लांब, मी तीन रात्री वाचलं होतं. फट उरली नाही की एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह बैठकीवर पूर्ण टेकत नाही. त्याची उष्णता जाते ती त्या टेकण्यातूनच. ते राहिलं की कड जळते आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, जातं. सैल टॅपेट नुसती कटकट करतो, घट्ट टॅपेट मुकाट्यानं खर्चात घालतो. मी जागून मिळवलेलं ज्ञान या माणसाकडे सुपारी कातरता कातरता होतं, आणि ते पोराच्या देखत सांगितलं गेलं. चिरंजिवांनी माझं एवढं कधी ऐकलेलं नाही.

दरम्यान मी मिस्त्रींना सहज विचारलं, तुमच्याकडे फिलर गेज असेलच.

"हुतं की. गडहिंग्लजच्या पाव्हण्यानं नेलंय."

"कधी?"

"महापुराच्या आदी."

महापूर २०१९चा. म्हणजे तेव्हापासून आजपर्यंत या गॅरेजातल्या गाड्यांचे टॅपेट कशावर होतात? मिस्त्रींनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासून दाखवली. "हातावर. सवय हाय."

मला हे लागलं. आता थोडं रागानं लिहितोय, माफ करा. याच गावात बाबूराव पेंटरांनी १९१८च्या सुमारास स्वतःचा सिनेमा कॅमेरा घडवला. याच उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनली, लेथवर शतांशाचं काम करणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथं पोसली गेली. आणि त्या जागी दीडशे-दोनशे रुपयांचं गेज पाव्हण्याकडून परत आणायला कुणाला सवड नाही! नव्या गाड्यांच्या सर्व्हिसिंगला गेलात तर आणखी वेगळी तऱ्हा. बऱ्याच नव्या इंजिनांत ही फट आपोआप राखायची हायड्रॉलिक सोय असते, ती चांगलीच. पण त्यामुळे मधली एक अख्खी पिढी टॅपेट शब्द ऐकला की "सर, गाडी एक्स्चेंजला टाका ना" म्हणते. मी गाडी बदलायची की नाही हे विचारलं नव्हतं. आवाज येतोय, एवढंच सांगितलं होतं.

असो. म्हणून मी स्वतःचं गेज घेऊन गेलो होतो. नवं कोरं, तेलात भिजवलेल्या कागदात गुंडाळलेलं. आबांनी ते मागितलं. पंख्यासारखं उघडलं, उन्हात धरलं, एकेका पानावरचा आकडा वाचला. मला बरं वाटलं. कुणीतरी कौतुक करतंय म्हटल्यावर मीही सुटलो, हे ०.१५, हे एवढं बारीक, हे असं सरकवायचं, हलकं अडखळलं पाहिजे, फसलं नाही पाहिजे आणि मोकळंही सुटलं नाही पाहिजे. आबा फार लक्ष देऊन ऐकत होते. जीभ मात्र गालात आतून काहीतरी शोधत होती.

तेवढ्यात मिस्त्रींनी टॅपेट कव्हर उचललं आणि मी तिकडे वळलो. कव्हरचं पॅकिंग जुनंच परत बसवणार असं ते म्हणत होते, त्यावर वाद घालून मागे बघतो तर आबांचं तोंड उघडं, मान वर, आणि ०.१५चं पान उजव्या दाढांच्या मागे.

"आबा!"

त्यांनी डावा हात वर केला. थांबा. चिरंजीव श्वास रोखून बघत होते. पान आत दोनदा सरकलं, हलकं अडखळलं, मी सांगितलं होतं अगदी तसंच, आणि कट्‌ करून बाहेर आलं. टोकाला सुपारीचा कण.

"निगाली," आबा म्हणाले. "काल रातीपासनं अडकलेली." पान शर्टाला पुसलं आणि वाकलेलं टोक अंगठ्यानं दाबून पाहिलं. "जरा नरम हाय वो. ह्याच्या पुढचं बरं पडलं असतं."

मिस्त्रींनी वाकडं पान बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर, मी शपथेवर सांगतो, समाधान पसरलं. "असू दे, मी हातावर करतो." मी म्हटलं नाही, ०.०५ आणि ०.१०ची दोन पानं एकत्र लावा, बेरीज तेवढीच होते. लोक करतात तसं.

"दोन पानं?" आबा म्हणाले. "विडाच झाला की वो."

गॅरेजमधली सगळी पोरं हसली. मीही हसलो, पण ते खरं हसणं नव्हतं.

शेवटी विड्यावरच काम झालं. पाना लावून इंजिन हातानं फिरवायचं, पिस्टन कॉम्प्रेशनला वर आला की त्या सिलिंडरचे दोन टॅपेट बघायचे, नट ढिला, स्क्रू फिरव, पानं सरकव, स्क्रू धरून ठेव आणि नट आवळ. नट आवळताना स्क्रू हटकून थोडा फिरतोच, मग पुन्हा पहिल्यापासून. खरं सांगतो, मिस्त्रींचा हात सुरेख होता. मी गेजनं तपासलेल्या सहांपैकी पाच त्यांनी आधीच अंगठ्याच्या अंदाजावर बरोबर आणले होते. हे मी त्यांना सांगितलं नाही.

पैसे किती, विचारलं तर "द्या काय द्यायचं ते." या वाक्यावर मराठी माणसाचे किती पैसे जास्त गेले असतील! मी पाकीट उघडून आकडा ठरवत होतो, आबा म्हणाले, "पाचशे द्या. कष्ट केलाय त्यानं." दिले. जुन्या पॅकिंगमधून आता थेंब थेंब ऑइल गळतंय, ते वेगळं.

सोमवारी सकाळी ऑफिसला निघालो. टकटक बंद. इतकी बंद की सिग्नलला मी काच खाली करून कान बाहेर काढला. वाजतंय तो जित्ता. गप बसला की जळाय लागलाय. सहावा टॅपेट घट्ट तर राहिला नाही ना? दसरा चौकापर्यंत मी आवाज येईना म्हणून घाबरत गेलो. महिनाभर आवाज येतो म्हणून घाबरत होतो ते बरं होतं.

आज सकाळी टपरीपाशी आबांनी छत्री आडवी धरून गाडी थांबवली. बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ ऐकलं आणि काही न बोलता मान हलवली. ती होकाराची की नकाराची, मला कळलं नाही. मग खिडकीशी आले.

"ते पान हाय का टाकलासा?"

"आहे. वाकडं झालंय."

"मग तुमाला काय उपेगाचं," आबा म्हणाले. "उद्या येताना घिऊन या की."