तीन वर्षांच्या मोजणीवर निकाल नको

‘गेल्या तीन वर्षांच्या गणनेवरून जायकवाडीतले रोहित पक्षी (फ्लेमिंगो) घटल्याचं सिद्ध होतं’ हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही. मी पैठणजवळच राहतो. आमच्याकडे लागोपाठची तीन वर्षं सारखी असतात कुठे? २०१५-१६ च्या दुष्काळात नाथसागराने, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाने, तळ गाठला होता, आणि २०१९ मध्ये तेच धरण भरलं. पाणी हटलं की उथळ चिखल उघडा पडतो, रोहित, तुतारी वगैरे मंडळी काठावरूनच दिसतात. धरण तुडुंब असलं की हेच पक्षी आसपासच्या उथळ तलावांवर पांगतात. ते घटले, का नुसते हलले? मोजणीच्या दिवशीची पाणीपातळी शेजारी लिहिलेली नसेल तर त्या आकड्याला काय अर्थ!

दुसरं म्हणजे गाळपेर. पाणी ओसरलं की उघड्या जमिनीत हरभरा, गहू पेरतात, काठाला पाणी उपसायच्या मोटारी लागतात, राखणीची माणसं येतात. पक्षी तिथून उठणारच. लेखात याचा उल्लेखही नाही, आणि पक्षीगणनेच्या फॉर्मात त्यासाठी रकाना असलेला मी तरी पाहिला नाही. तमिळनाडूत मुदुमलाईच्या जंगलात १९८८ पासून ५० हेक्टरच्या एकाच तुकड्यातली झाडं पुन्हा पुन्हा मोजली जातात, म्हणून तिथे दुष्काळाने काय मेलं आणि वणव्याने काय, हे सांगता येतं. आपल्याकडे हिवाळ्यात एक रविवार गाठायचा, फोटो काढायचे, झाली गणना. निदान ठरलेल्या चार-पाच जागा, ठरलेला महिना आणि पाणीपातळी एवढं तरी दरवर्षी लिहा. त्याला पैसाही फारसा लागत नाही.