टाचेचे दोन शब्द

आज सकाळी शिवाजी पार्काच्या कट्ट्यालगत मला ७८ वर्षांच्या एका गृहस्थांनी मागे टाकले. ते चालत होते आणि मी धावत होतो, हे एकदा लिहून टाकल्याशिवाय माझा रविवार पुढे सरकणार नाही.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे दोन आठवड्यांवर आली आहे. ऑक्टोबरात उत्साहाच्या भरात मी धावण्याचे अंतर एकदम दुप्पट केले आणि उजव्या टाचेपासून बोटांकडे जाणारा पट्टा, ज्याला डॉक्टर मंडळी प्लांटर फॅशिया म्हणतात, तो दुखावून घेतला. या दुखण्याची लबाडी अशी, की पलंगावरून उतरून पहिले पाऊल टाकताच टाचेत खिळा ठोकल्यासारखे होते आणि मी मॅरेथॉन रद्द करतो. स्वयंपाकघरापर्यंत पोहोचेतो कळ ओसरू लागते आणि चहाला उकळी येईपर्यंत मी पुन्हा धावायला तयार झालेलो असतो. एखाद्या माणसाने रोज असा शब्द फिरवला असता, तर मी त्याच्याशी बोलणे सोडले असते.

तर ते गृहस्थ पुढे जाऊन थांबले, माझ्या पायांकडे पाहून "टाच का?" म्हणाले आणि मी मान हलवताच त्यांनी मला कट्ट्यावर बसवले. "बसा, एक फेरी मारून आलोच." ती फेरी सव्वा किलोमीटरच्या आसपास भरते, त्यामुळे आमचे संभाषण पाव-पाव तासाच्या हप्त्यांनी झाले आणि मी, का कोण जाणे, प्रत्येक हप्त्याची वाट पाहत बसलो.

"वीट तापवा, वर रुईचं पान ठेवा आणि त्यावर टाच शेका," हा पहिला हप्ता. फिजिओथेरपिस्टने गोठवलेली बाटली पायाखाली फिरवायला सांगितली आहे, असे मी म्हणालो. "बर्फ?" मी टाचेला कुल्फी चारत असल्यासारखे माझ्याकडे पाहून ते निघून गेले.

विटेची दादरला अडचण नाही. जिकडे पाहावे तिकडे पुनर्विकासासाठी इमारती पाडल्या आहेत, आणि त्यांच्या राडारोड्यातून व उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवरून धावणाऱ्याची टाच शाबूत राहील, ही अपेक्षाच चूक आहे. पण रुई कुठून आणायची?

"शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर माळ मिळते. त्यातलं एक पान काढून घ्या, बाकीची देवाला घाला," दुसऱ्या हप्त्यात उत्तर आले. देवाच्या माळेतले पान काढायचे? "अहो, तोही लांब पल्ल्याचाच गडी. समजून घेईल."

तिसऱ्या फेरीला त्यांनी अंतर विचारले. मी ४२ किलोमीटर १९५ मीटर सांगितले. "ते १९५ कशाला?" १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये शर्यत राजघराण्याच्या आसनांसमोर संपावी म्हणून मार्ग तसा आखला होता, हे मी मोठ्या अभिमानाने सांगितले. "आणि त्यांच्यासाठी तुम्ही टाच घालवताय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. खरे तर मला त्यांचा राग नाही. निदान ते स्पष्ट बोलतात. फिजिओथेरपिस्टला मी दर बैठकीचे पैसे मोजतो ते कुणीतरी ठामपणे नाही म्हणावे म्हणून, आणि त्या "तुमच्या शरीराचं ऐका" एवढेच म्हणतात. शरीर सहाला एक बोलते आणि सातला दुसरे, त्यातले कोणते ऐकायचे, हे विचारले की त्या पुढच्या पेशंटला आत बोलावतात. बहीण म्हणते, मनावर घेतलं की सगळं जमतं; पेडर रोडचा चढ तिने आजवर टॅक्सीतूनच पाहिला आहे.

चौथ्या फेरीला काका थांबलेच नाहीत. "मीही आहे त्या दिवशी, सीनियर सिटिझन रनला," असे चालता चालताच म्हणाले. "तुम्ही टाळ्या वाजवायला या. त्याला टाच लागत नाही."

तासभर बसून टाच पुन्हा आखडली होती. उठताच खिळा बसला आणि अख्ख्या शिवाजी पार्कासमोर मी लंगडत निघालो. वाटेत एका पाडलेल्या इमारतीपाशी थांबून वॉचमनकडे वीट मागितली. कशाला हवी, असे त्याने विचारले. मॅरेथॉनसाठी, मी म्हणालो. त्याने माझ्याकडे नीट पाहिले आणि दोन दिल्या.