फक्त दोघांसाठी

चाळीस जणांच्या सहलीत एक मोठं सुख असतं. गाइड जे सांगतो ते आपण ऐकायलाच हवं असं नाही. पुढे एखादे निवृत्त मुख्याध्यापक वही काढून सनावळ्या उतरवत असतात, एखाद्या काकू ‘या राजाला राण्या किती होत्या हो?’ असं विचारत असतात, आणि आपण मागे उभं राहून निवांत शेंगदाणे खात असतो. ज्ञान गटाला मिळालेलं असतं. आपल्या वाट्याला नाही आलं तरी पैसे वसूल. खासगी टूरमध्ये ही सोय नाही. तिथे मुख्याध्यापकही तुम्हीच आणि काकूही तुम्हीच. शेंगदाण्यांचं तर नावच काढू नका, जपानमध्ये चालता चालता खाणं बरं दिसत नाही.

आमचे चिरंजीव ओसाकाला नोकरी करतात. आम्ही गेलो तेव्हा त्यांना रजा नव्हती. त्या अपराधीपणातून त्यांनी आम्हाला क्योतोच्या शाही वास्तूंची पायी सहल भेट दिली. “बाबा, गाइड फक्त तुमच्या दोघांसाठी. आणि घाई नाही, चांगले चार तास!” बायको ‘फक्त दोघांसाठी’वर खूश झाली. मी चार तासांचाच विचार करत होतो. महिना जुलैचा होता.

इमादेगावा स्टेशनबाहेर आम्ही पाच मिनिटं आधी पोहोचलो, तर गाइडबाई त्याआधीच हजर. हातात छोटा पिवळा झेंडा. गर्दीत माणसं हरवू नयेत म्हणून गाइड झेंडा धरतात हे मला माहीत होतं. पण आम्ही दोघंच, तेही त्यांच्यापासून हातभर अंतरावर, आणि तरी चार तास तो झेंडा खाली आला नाही. त्यांनी वाकून नमस्कार केला, आम्ही वाकलो, आम्ही वाकलो म्हणून त्या पुन्हा वाकल्या. मग आज उकाडा फार आहे याबद्दल त्यांनी आमची माफी मागितली. हवामान खातं त्यांच्याकडे असल्यासारखी, अगदी मनापासून.

राजवाड्याभोवती मोठी बाग आहे, क्योतो ग्योएन. दक्षिणोत्तर तेराशे मीटर, पूर्व-पश्चिम सातशे. आणि सगळीकडे बारीक खडी. ही खडी दिसायला देखणी असते, पण तिच्यावर पाऊल टाकलं की ते थोडं मागे सरकतं, त्यामुळे आपण पैसे भरून दीडपट चालतो. तिथल्या सायकलवाल्यांनी यावर उपाय काढला आहे. चाकं एकामागून एक जाऊन जाऊन खडीत वीतभर रुंदीची एक घट्ट वाट पडली आहे, आणि गावातले लोक तिच्यावरून सुळकन निघून जातात. गाइडबाईंनी ती वाट आम्हाला दिली आणि स्वतः खडीतून चालू लागल्या. त्या खडीत आणि आपण वाटेवर, हे बरं दिसेना, म्हणून आम्हीही खडीत उतरलो. मग आम्ही तिघं एकमेकांच्या सौजन्यामुळे खडीतून चालत होतो आणि शेजारी वाट रिकामी होती.

सन ७९४पासून जवळजवळ अकराशे वर्षं सम्राटाचं ठाणं क्योतोत होतं, गाइडबाई सांगत होत्या. आज बाग आहे तिथे दरबारी सरदारांची दोनेकशे घरं होती. १८६९मध्ये सम्राट मेइजी तोक्योला गेले, पाठोपाठ सरदारही गेले, घरं ओस पडली, मग पाडली. साहेबांची बदली झाली आणि अख्खी कॉलनी उठली, तसं. हे मी बायकोला मराठीत सांगितलं. ती हसली. गाइडबाई लगेच थांबल्या आणि काय विनोद झाला ते कळेल का, असं नम्रपणे विचारलं. बदलीचा विनोद इंग्रजीत समजावून सांगायला मला दहा मिनिटं लागली. त्यांनी तो वहीत लिहून घेतला.

खरा त्रास खडीचा नव्हता, तोंडाचा होता. बाई प्रत्येक वाक्यानंतर थांबत, आधी माझ्याकडे बघत, मग हिच्याकडे. दोन्ही चेहऱ्यांवर कळल्याची खूण उमटल्याशिवाय पुढचं वाक्य येत नसे. तासाभरात माझ्या भुवया दुखू लागल्या. शेवटी आम्ही पाळ्या लावल्या. “आता तू मान डोलव, मी घाम पुसतो.” “अहो, मगाचपासून मीच डोलावतेय!” हा संवाद चेहऱ्यावर ऐतिहासिक कुतूहल ठेवून करायचा असतो.

राजवाड्याच्या भिंतीचा ईशान्य कोपरा मात्र खरोखर बघण्यासारखा आहे. तो कोपरा नाहीच, भिंत तिथे आत दुमडली आहे. जपानी समजुतीप्रमाणे ईशान्य ही दुष्ट शक्ती येण्याची दिशा. कोपराच ठेवला नाही तर त्या येणार कुठून, असा सरळ हिशेब. शिवाय पहाऱ्याला वळचणीखाली लाकडी माकड बसवलं आहे, डोक्यावर दरबारी टोपी, खांद्यावर पूजेची कागदी पताका. गंमत म्हणजे माकडासमोर जाळी ठोकली आहे. हा पहारेकरी रात्री सुटून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या खोड्या काढायचा, म्हणून त्याला कोंडला. माकड उंचावर, जाळीआड, सावलीत. मला काही दिसलं नाही. बाईंनी पिशवीतून लॅमिनेट केलेला फोटो काढला आणि आम्ही माकडाखाली उभं राहून माकडाचा फोटो बघितला.

बायकोचा वास्तुशास्त्रावर गाढ विश्वास आहे. ईशान्येला देवघर असावं म्हणून आमच्या फ्लॅटमध्ये फ्रिज हॉलमध्ये आला आहे. तिला हे माकड प्रकरण मुळीच पटलं नाही. “यांना सांगा, ईशान्य देवाची असते.” मी सांगितलं. बाई गंभीर झाल्या, पुन्हा वही काढली. पुढची वीस मिनिटं भर उन्हात, माझ्या दुभाषेगिरीतून, दोन संस्कृतींचा एका कोपऱ्यावरून वाद झाला. एकमत काही झालं नाही, पण दोघीही प्रसन्न दिसत होत्या.

त्या भरात बायको भिंतीच्या सावलीकडे सरकली. सावली म्हणजे काय, तर छपराखालची हातभर काळी पट्टी; पण जुलैत तीही स्वर्ग. भिंतीलगतच्या पाण्याच्या चरापाशी तिचं पाऊल पडलं आणि कुठूनतरी भोंगा वाजला. पाठोपाठ एक रेकॉर्ड केलेला आवाज भिंतीपासून दूर व्हायला सांगू लागला. भिंतीला सेन्सर आहेत. आपल्याकडे ऐतिहासिक भिंतीवर बदामात बाण काढून नाव लिहीपर्यंत कोणी हटकत नाही, त्यामुळे ही दचकली. गाइडबाईंनी आधी आमची माफी मागितली, मग वळून भिंतीची.

आत जायला पश्चिमेचं दार. दक्षिणेचा केनरेइमोन हा भव्य दरवाजा सम्राटासाठी आणि परदेशी राष्ट्रप्रमुखांसाठीच उघडतो, त्यामुळे आमचा विषयच नव्हता. प्रवेश फुकट आहे हे तिथे कळलं आणि २०१६पासून आधी नाव नोंदवावं लागत नाही हेही. मी चिरंजीवांनी भरलेल्या रकमेचा मनात रुपयांत हिशेब केला आणि गप्प बसलो.

पहिलीच इमारत सरदारांच्या ताटकळण्याची. तीन खोल्या, मानाप्रमाणे. सगळ्यात वरच्यांची वाघाची, मधल्यांची क्रौंचाची, बाकीच्यांची चेरीची. नावं भिंतींवरच्या चित्रांवरून. चेरीवाल्यांना मुख्य देवडीतून यायची परवानगी नव्हती, त्यांचं दार वेगळं. आयुष्यभर मी ज्या कचेऱ्यांत खेटे घातले तिथे मी कायम चेरीच्याच खोलीत होतो, फक्त भिंतीवर चेरी नव्हती.

“आत कधी जायचं?” बायकोने विचारलं. मी विचारलं. बाईंनी खेदाने मान हलवली. इमारतींच्या आत जाता येत नाही, सगळं बाहेरून बघायचं. दीडशे वर्षांपूर्वी जागा सोडून गेलेल्या माणसाच्या घराला आम्ही बाहेरून चक्कर मारत होतो.

शिशिंदेन या राज्यारोहणाच्या दालनासमोर मात्र मी पाय विसरलो. समोर पांढऱ्या खडीचं मोकळं अंगण, वर हिनोकी झाडाच्या सालीचं जाड, कडेला हलकी वळलेली छपराची रेघ, आणि दुसरं काहीच नाही. सोनं नाही, नक्षी नाही. १९१५ आणि १९२८ची राज्यारोहणं इथे झाली. नंतरची दोन तोक्योला, पण त्यासाठी सिंहासन इथूनच नेलं. १९९०मध्ये तर हेलिकॉप्टरने. वाडा अनेकदा जळला, दर वेळी उभा राहिला. आताच्या इमारती १८५५च्या. १८२८मध्ये जळलेल्या शनिवारवाड्याचे आपण तट आणि जोती तेवढी राखली. हे मी बाईंना सांगितलं नाही. त्यांनी लिहून घेतलं असतं.

त्या म्हणाल्या, डावीकडे चेरीचं झाड, उजवीकडे संत्र्याच्या जातीचं. आम्ही डावीकडे बघून ‘वा, चेरी!’ म्हणालो. ते संत्र्याचं निघालं. डावं-उजवं सम्राटाच्या बाजूने मोजायचं. तो दक्षिणेकडे तोंड करून बसतो. इतक्या वर्षांत कोणी खडीत उभ्या असलेल्यांच्या बाजूने मोजलेलंच नाही.

पाय बोलू लागले होते. बागेत बाकं होती, पण आम्ही बसलो की बाई उभ्या राहत, झेंड्यासकट, आणि आम्ही सावकाश बसावं म्हणून आमच्याकडे बघतही नसत. अशा माणसासमोर किती वेळ बसणार? मग हामागुरी दरवाजा, १८६४च्या चकमकीतल्या गोळ्यांच्या खुणा, आणि तिथून निजो किल्ल्यापर्यंत अर्धा तास पायी.

निजो हा खरा शोगुनचा, म्हणजे सम्राटाच्या नावाने राज्य चालवणाऱ्यांचा. तोकुगावा इएयासूने १६०३मध्ये तो पुरा केला. सत्ता गेल्यावर १८८४मध्ये तो शाही घराण्याकडे आला आणि तोकुगावांच्या चिन्हांच्या जागी सोळा पाकळ्यांची शेवंती बसली. सरकार बदललं की पाटी बदलते, कारागीर तेच. इथे आत जाता येतं, बूट काढून. भिंतींवर कानो घराण्याचे वाघ. चित्रकारांनी जिवंत वाघ पाहिलेला नव्हता, कातडी पाहिली होती, आणि बिबट्या ही वाघाची मादी असा त्यांचा समज होता. वाघांच्या शेजारी ठिपक्यांच्या बायका सुखाने नांदत आहेत.

१८६७मध्ये शेवटच्या शोगुनने सत्ता सम्राटाला परत करत असल्याचं जिथे जाहीर केलं, त्या दालनात माणसाएवढे पुतळे मांडले आहेत. सरदार तातामीवर, म्हणजे चटईवर, ओळीने बसले आहेत. बसले! राज्य जातंय याचं दुःख त्यांना असेल, मला त्या पुतळ्यांचा हेवा वाटला.

मी जरा मागे रेंगाळायचं ठरवलं. बाई आणि बायको पुढच्या दालनाकडे वळल्या की खांबाशी दोन मिनिटं, बस. मी एक पाऊल मागे टाकलं. ‘चिव’. दुसरं टाकलं. ‘चिव चिव’. फळ्यांखालचे लोखंडी आकडे खिळ्यांवर घासतात आणि उगुइसू पक्ष्यासारखा आवाज येतो. मारेकरी चोरपावलांनी आला तर कळावं म्हणून ही जमीन, असं लोक सांगतात. मारेकऱ्यांचं माहीत नाही. गाइडबाई मात्र चटकन वळल्या. “थांबते हं,” म्हणाल्या, आणि ती सगळी माहिती माझ्यासाठी पहिल्यापासून सांगितली.

निरोपाच्या वेळी बक्षिशी त्या घेणार नाहीत हे माहीत असल्याने बायकोने बेसनाच्या लाडवांचा डबा दिला. त्यांनी तत्काळ पिशवीतून छापील रुमाल काढून दिला. हिने चिवड्याची पुडी काढली. त्यांनी चहाची. मी टॅक्सी थांबवली नसती तर दोन्ही पिशव्यांची अदलाबदल पूर्ण झाली असती.

रात्री चिरंजीवांचा फोन. “आवडलं ना? परवा कात्सुरा राजमहालाचं मिळालंय. पण बाबा, तिथे खासगी चालत नाही हं, वीसेक लोकांच्या गटातूनच फिरावं लागतं.”

मी उठून बसलो. सगळी माहिती काढली. पुढे त्यांचा माणूस माहिती सांगत चालतो, आणि कोणी मागे राहू नये म्हणून सगळ्यांच्या मागे एक रक्षक चालतो. म्हणजे जागा बरोब्बर मधली पकडायची. शेंगदाणे नेता येतील का, तेवढं विचारायचं राहिलंय.