पैसे घेण्याची पात्रता

ऑनलाइन पैसे देणाऱ्या माणसाला कोणी फारसे काही विचारत नाही. कार्डावरचा क्रमांक, मुदत संपण्याचा महिना, मागच्या बाजूचे तीन अंक आणि फार तर एखादा ओटीपी एवढ्यावर त्याची सुटका होते. क्रमांक लिहिताना एखादा अंक चुकला, तर तेही जागच्या जागी पकडले जाते, कारण कार्डाचा शेवटचा अंक आधीच्या अंकांची झडती घेण्यासाठीच बसवलेला असतो. हान्स पीटर लून या आयबीएममधल्या संशोधकाने या युक्तीच्या पेटंटसाठी १९५४ साली अर्ज केला आणि ते त्याला १९६० साली मिळाले. म्हणजे अर्जदाराला ताटकळत ठेवण्याची परंपरा या क्षेत्रात पहिल्यापासूनच आहे. पैसे घेऊ इच्छिणाऱ्याची झडती घेण्याची युक्ती मात्र अद्याप इतकी सुटसुटीत झालेली नाही.

हे ज्ञान मला झाले ते आमच्या मंडळाच्या संगीत कार्यक्रमाची तिकिटे ऑनलाइन विकायचे ठरले तेव्हा. असे ठराव मंडळात एकमताने मंजूर होतात, कारण अंमलबजावणी कोणाच्या गळ्यात पडणार हे मत देणाऱ्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असते. ज्याला स्वतःचा मोबाइल अपडेट करता येतो तो मंडळाचा तंत्रज्ञ, या नियमाने काम माझ्याकडे आले. ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सेवा देणाऱ्या कंपनीने 'काही मिनिटांत खाते उघडा' असे ठळक अक्षरांत लिहिले होते आणि ते अजिबात खोटे नव्हते. खाते खरोखरच काही मिनिटांत उघडते. त्या खात्यात पैसे घेण्याची परवानगी मिळणे ही निराळी बाब असून तिचा विषय पुढच्या पानावर निघतो.

तिथे पहिला प्रश्न व्यवसायाच्या प्रकाराचा होता. कार्डाने होणाऱ्या व्यवहारांसाठी जगातल्या धंद्यांना चार अंकी संकेत दिलेले आहेत आणि त्यांचे आयएसओ १८२४५ नावाचे मानकही आहे. त्यात ७९२२ म्हणजे नाट्यनिर्माते आणि तिकिटे विकणाऱ्या संस्था, तर ७९२९ म्हणजे बँड, वाद्यवृंद आणि किरकोळ करमणूक करणारे. आम्ही तिकिटेही विकणार होतो आणि वाद्येही वाजवणार होतो. चिटणिसांचे मत विचारले, तेव्हा आपण करमणूक करत नसून समाजाची अभिरुची घडवतो, तरी तशी नोंद व्हावी, असे त्यांनी बजावले. अभिरुचीला संकेत नाही. मी ७९२२ निवडून पुढे गेलो. चिटणिसांना हे अजून कळलेले नाही.

खरा घोळ पुढे होता. 'या संस्थेचा प्रत्यक्ष मालक कोण?' असा प्रश्न आला. तो विचारण्यामागे कारण आहे. काळा पैसा फिरवून पांढरा करण्याचे प्रकार रोखण्यासाठी १९८९ साली एफएटीएफ हा आंतरराष्ट्रीय गट स्थापन झाला आणि त्याच्या शिफारशींतून 'नावाच्या पाटीमागे खरा माणूस कोण आहे ते शोधा' हा दंडक जगभर पसरला. बऱ्याच देशांत पंचवीस टक्क्यांहून अधिक हिस्सा असलेला तो मालक, असा हिशेब असतो, आणि तसा कोणी सापडलाच नाही तर कारभार पाहणाऱ्या वरिष्ठ माणसाला पुढे उभे केले जाते. नामांकित गुन्हेगारांच्या बाबतीत हे सर्व योग्यच आहे. आमच्या मंडळात मात्र या प्रश्नाने जी नम्रतेची लाट आली, तशी मी त्यापूर्वी कधी पाहिली नव्हती. एरवी निमंत्रणपत्रिकेवर आपले नाव वर की खाली यावरून बैठका लांबवणारे सभासद मालकीची गोष्ट निघताच एकाएकी विरक्त झाले. खजिनदार म्हणाले, "अहो, मंडळ तर सर्वांचे आहे." उपाध्यक्षांनी आपण केवळ मार्गदर्शक असल्याचे सांगितले. चिटणिसांनी जुनी इतिवृत्ते काढून सर्व निर्णय सामुदायिक होते हे सिद्ध केले. अखेर सगळ्यांच्या नजरा अध्यक्षांकडे वळल्या. अध्यक्षांना पद सोडायचे नव्हते आणि मालकही व्हायचे नव्हते, परंतु अर्जात 'अध्यक्ष, पण मालक नव्हे, केवळ मान म्हणून' असा पर्याय नसल्यामुळे त्यांचेच नाव गेले.

त्यानंतर अध्यक्षांच्या मोबाइलवर सहा अंकी संकेत आला. मी फोन करून तो विचारला. "त्यात लिहिले आहे की हा अंक कोणालाही सांगू नये," अध्यक्ष म्हणाले. मी म्हटले, तो मलाच हवा आहे. "कोणालाही, यात तू येतोस," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. हा माणूस उभ्या आयुष्यात कोणाच्या फसवणुकीला बळी पडणार नाही, याबद्दल मला आदर वाटला. परंतु दहा मिनिटांत संकेताची मुदत संपली. पुढे ते स्वतः माझ्या घरी आले, मला तोंड फिरवून बसायला सांगितले आणि एकेक अंक मोठ्याने म्हणत स्वतःच्या हाताने टंकला.

ओळखपत्राचे छायाचित्र ही आणखी एक कसोटी. कार्डाचे चारही कोपरे दिसले पाहिजेत, अक्षरे पुसट नकोत आणि कुठेही चकाकी नको. टेबलाच्या काचेवर ठेवले की कार्डात दिवा दिसे. दिवा बंद केला की कार्ड दिसत नसे. खिडकीजवळ नेले तेव्हा अध्यक्षांच्या कपाळावर नेमकी उन्हाची तिरीप पडली. शेवटी टेबल पुसून त्यावर काळे कापड अंथरल्यावर ते छायाचित्र स्वीकारले गेले, आणि मग कळवण्यात आले की ओळखपत्रावर अध्यक्षांचे पूर्ण नाव असून अर्जात त्यांनी फक्त आद्याक्षरे लिहिली आहेत, तरी या दोन व्यक्ती एकच असल्याचे पटवून द्यावे. अध्यक्षांनी मला विचारले, "मी एकच आहे, याचा दाखला कोण देतो?"

याच काळात कंपनीची चाचणीची सोय, म्हणजे खऱ्या पैशांविना व्यवहार करून पाहण्याची जागा, मोकळी होती. तिथे तपासणीसाठी खोटी कार्डे मिळतात आणि त्यांतले सर्वांत प्रसिद्ध म्हणजे ४२ हा आकडा सलग आठ वेळा लिहिलेले. लूनची कसोटी या कार्डालाही लागते: एकाआड एक अंक दुप्पट करायचा आणि बेरजेला दहाने पूर्ण भाग जातो का ते पाहायचे. चौकाचे आठ झाले, त्यात दोन मिळवून दहा, असे आठ वेळा मिळून ऐंशी. बिनबोभाट उत्तीर्ण! जे कार्ड कोणत्याही बँकेने दिलेले नाही, ते पहिल्या फटक्यात मान्य झाले आणि माझ्याशेजारी बसलेले जिवंत अध्यक्ष 'पडताळणी चालू आहे' या अवस्थेत होते.

मग ग्राहकाला बँकेकडून येणाऱ्या कार्डाच्या विवरणपत्रावर आमचे नाव काय छापायचे, हे ठरवायचे होते. त्यासाठी साधारण बावीस अक्षरांची जागा मिळते. स्थापनेच्या वेळी सर्व गटांचे समाधान व्हावे म्हणून आमच्या मंडळाचे नाव एवढे लांबवण्यात आले होते की बावीस अक्षरांत नुसती विशेषणेच मावली आणि नाम बाहेर राहिले. हा विनोद महागात पडू शकतो, कारण विवरणपत्रात अनोळखी नाव दिसले की माणूस सरळ बँकेकडे तक्रार करतो आणि बँक पैसे परत खेचून घेते.

कंपनीला आमच्याविषयी वाटणारी भीतीही हीच होती आणि ती मला रास्त वाटते, हे इथे सांगितले पाहिजे. तिकीट विकणारा माणूस वस्तू विकत नाही, तारीख विकतो. ती तारीख उजाडलीच नाही तर प्रेक्षक तक्रार करणार, आणि त्याची मुदतही साधारणपणे १२० दिवसांची असून ती मोजायची कार्यक्रमाच्या ठरलेल्या दिवसापासून. तोवर आयोजक पसार झाला असेल, तर भुर्दंड मधल्या कंपनीवर पडतो. म्हणून आमचे पैसे कार्यक्रम पार पडेपर्यंत अडवून ठेवण्यात आले. तर्क निर्दोष होता. अडचण एवढीच की सभागृहाला भाडे आगाऊ हवे होते आणि भाडे दिल्याशिवाय कार्यक्रम पार पडणार नव्हता. खात्यातला फुगत चाललेला आकडा मी पडद्यावरून टिपून सभागृहाच्या व्यवस्थापकांना पाठवला. उत्तरादाखल त्यांनी आपल्या पावतीपुस्तकाच्या कोऱ्या पानाचा फोटो पाठवला.

भाड्याची सोय खजिनदारांनी स्वतःच्या खिशातून केली. कार्यक्रम उत्तम झाला आणि पैसे शुल्क कापून खात्यात आले. ज्यांनी तिकिटे परत केली, त्यांच्या व्यवहारांचेही शुल्क कापलेलेच राहिले होते; ते पाहून खजिनदार बराच वेळ काही बोलले नाहीत.

परवा नव्या कार्यकारिणीची निवडणूक झाली. अध्यक्ष बदलला तर नव्या मालकाची पडताळणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल, असे मी बैठकीत निवेदन केले आणि जुने अध्यक्ष बिनविरोध निवडून आले. त्यांचे अभिनंदन चालू असतानाच कंपनीचा निरोप आला, की मालकाच्या ओळखपत्राची मुदत संपत असून नवे छायाचित्र पाठवावे. तो निरोप अध्यक्षांनी मला धाडला आहे आणि वर एवढेच लिहिले आहे: "टेबल पुसून ठेव. कापड मी आणतो."