ब्रेख्तची नाटकं ब्रेख्तनं लिहिलीच नाहीत?

जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्तवरचा एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. त्याच्या नाटकांतलं ऐंशी टक्के लेखन मैत्रिणींचं, त्यानं फक्त नाव लावलं; त्याला रंगभूमीवर भावना नको होत्या; आणि पूर्व जर्मनीत तो सरकारचा भाट होता, असे तीन आरोप त्यात आहेत. शेवटच्या दोन आरोपांना फार वेळ लागणार नाही.

भावनेचं म्हणाल तर 1949 चा बर्लिनमधला त्याच्या ‘मदर करेज’ नाटकाचा प्रयोग घ्या. मुलाला गोळ्या घातल्याचा आवाज येतो आणि आईच्या भूमिकेतली हेलेन वायगेल तोंड वासते, पण आवाज फुटत नाही. भावना नको असलेला दिग्दर्शक हे ठेवेल? प्रेक्षकानं रडून मोकळं होऊन घरी जाऊ नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

भाट? जून 1953 च्या कामगार उठावाच्या वेळी त्यानं पक्षप्रमुख उलब्रिख्तला पत्र लिहिलं. जनतेशी मोकळी चर्चा करा, असंही त्यात होतं. पक्षाच्या वृत्तपत्रानं निष्ठेचं शेवटचं वाक्य तेवढं छापलं. मग त्यानं कविता लिहिली: सरकारनं ही जनता बरखास्त करून दुसरी निवडावी, ते सोपं नाही का? ती जिवंतपणी छापली नाही, आणि 1955 मध्ये मॉस्कोला जाऊन स्टॅलिन शांतता पुरस्कारही घेतला. भित्रा म्हणा, धूर्त म्हणा. भाट मात्र असं लिहीत नाही.

आता मुख्य आरोप. त्या मैत्रिणींपैकी एलिझाबेथ हौप्टमान ब्रेख्तला भेटली 1924 च्या अखेरीस. त्याचं ‘बाल’ हे नाटक 1918 चं, आणि क्लाइस्ट पुरस्कार त्याला 1922 मध्येच मिळालेला. दुसरी मैत्रीण मार्गारेटे श्टेफिन 1941 मध्ये मॉस्कोत क्षयानं गेली. विजया मेहतांनी ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या नावानं मराठीत आणलेलं ब्रेख्तचं नाटक 1944 चं. म्हणजे ‘सगळं त्यांनीच’ हे तारखांतच बसत नाही. ऐंशी टक्क्यांचा आकडा अभ्यासक जॉन फ्यूगी यांच्या 1994 च्या पुस्तकातला, तोही एकाच नाटकापुरता: ‘थ्रीपेनी ऑपेरा’, ज्यावरून पुलंनी ‘तीन पैशाचा तमाशा’ केला. त्या पुस्तकातल्या चुकांची लांबलचक यादी अभ्यासकांनी पुढे छापली.

पण या नाटकाची हकिगत ब्रेख्तच्या चाहत्यांना सुखाची नाही. जॉन गेचं 1728 चं ‘बेगर्स ऑपेरा’ इंग्रजीतून जर्मनमध्ये आणलं हौप्टमाननं, आणि ‘थ्रीपेनी ऑपेरा’ उभं राहिलं ते त्याच अनुवादावर. काही गाण्यांत फ्रेंच कवी व्हियाँच्या कवितांच्या दुसऱ्याच अनुवादकाच्या ओळी, नामोल्लेखाशिवाय. 1929 मध्ये समीक्षक आल्फ्रेड केरनं हे उघड केलं, तेव्हा ब्रेख्तनं उत्तर दिलं की बौद्धिक मालमत्तेच्या बाबतीत आपण तत्त्वतःच ढिले आहोत. मोठा विनोदी माणूस! कराराच्या वेळी मात्र हा ढिलेपणा कुठे गेला कोण जाणे. मानधनाची वाटणी अशी: ब्रेख्त साडेबासष्ट टक्के, संगीतकार कुर्ट वाइल पंचवीस, हौप्टमान साडेबारा.

त्याच्या मृत्यूनंतर त्याचं समग्र साहित्य संपादित केलं ते हौप्टमाननंच. आपल्याला लुबाडलं असं तिला वाटत होतं की नाही, यावर तर्क करत बसण्यापेक्षा भांडायचंच तर त्या साडेबारा टक्क्यांवरून भांडा. ते निदान कागदावर आहेत.