ताजा पाव नको, कालचा घ्या

मसाला ब्रेडच्या कुरकुरीत तुकड्यांची कृती देणारा एक लेख वाचला. ते 'ताज्या ब्रेडचे, मोठ्या आचेवर, पाच मिनिटांत' होतात, हे त्यातलं वाक्य अजिबात पटलं नाही. ताज्या ब्रेडमध्ये ओल भरपूर असते. मोठ्या आचेवर बाहेरून रंग येतो, पण मधला भाग चिवट राहतो आणि डबा बंद केला की तासाभरात सगळंच मऊ पडतं. बेकरीतला टोस्ट आठवा: आधी पाव भाजतात, मग काप करून मंद भट्टीत पुन्हा वाळवतात. त्याचा कुरकुरीतपणा येतो तो या दुसऱ्या भाजणीमुळे.

मी कालचा ब्रेड घेते, कडांसकट चौकोनी तुकडे करते आणि ओव्हनमध्ये १५० अंशांवर वीसेक मिनिटं ठेवते, मध्ये एकदा हलवून. एक तुकडा मोडून बघायचा: टचकन तुटला तर झाला, वाकला तर अजून पाच मिनिटं. मसाला मात्र शेवटी! पहिल्यांदा मी लसूण आणि तिखट आधीच चोळलं होतं, तर सगळं जळून कडू झालं. आता कोमट तुपात जिरेपूड, तिखट, मीठ कालवून गरम तुकड्यांवर घालते, आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरते.

आणि लेखात नुसतं 'चहासोबत द्या' एवढंच का? टोमॅटोच्या सारावर ऐन वाढताना मूठभर टाका. कैरीच्या दिवसांत कांदा, कैरी, कोथिंबीर घालून याची भेळ करा, आमच्याकडे मुलं चुरमुरे मागतच नाहीत.