धोंड्याच्या महिन्यात केसतोड

2023 च्या अधिक श्रावणात मला जे झालं ते चारचौघात सांगायची सोय नव्हती, आणि आमच्या गावात ज्या गोष्टीची सोय नसते तीच गोष्ट पानठेल्यावर पहिले पोचते. म्हणून म्हटलं आता आपणच लिहून टाकू, लोकांच्या तोंडून ऐकण्यापेक्षा बरं.

झालं होतं केसतोड. पुस्तकात गळू म्हणतात, पण गळू म्हटलं की कसं सभ्य वाटतं, केसतोड म्हटलं की ठसठस ऐकू येते. आता कुठं झालं, हे मला त्या आठ दिवसात गावातल्या निम्म्या लोकांनी विचारलं आणि मी सगळ्यांना "मांडीवर" सांगितलं. मांडी जिथं संपते तिथून जरासं वर. समजून घ्या.

दिवस कसे होते तर पाऊस पडला की चिखल अन् उघडला की उकाडा, कपाशीला फवारणी सुरू, औषध आणायला तालुक्याला रोजची एक चक्कर, त्यात पँट ओली ती गाडीच्या सीटवरच वाळायची. पहिल्या दिवशी मुगाएवढं लागलं हाताला, दुसऱ्या दिवशी तुरीएवढं, आणि तिसऱ्या दिवशी सुपारीएवढं होऊन असं ठणकायला लागलं की मी घरात देवासमोरसुद्धा उभाच. बायको म्हणाली आंबे जास्त खाल्ले, उष्णता बाहेर पडून राहिली. शेजारच्या काकांनी रक्त खराब झालं म्हणून कडुलिंबाचा पाला आणून दिला. मी तो इमानदारीत दोन दिवस वाटून प्यायलो. तोंड कडू झालं, बाकी खाली काही फरक नाही.

शेवटी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो तर तिथं नवीन डॉक्टर मॅडम, माझ्या पुतणीच्या वयाच्या.

"दाखवा."

"मॅडम, नुसतं सांगितलं तर नाही का चालणार?"

"दाखवा काका."

मी तेव्हा अडतीस वर्षांचा. केसतोडापेक्षा ते काका जास्त दुखलं, पण दाखवलं. त्यांनी पाहून सांगितलं की आंब्याचा काही दोष नाही, गाडीवर घासून घासून आणि घामानं कातडीला बारीक चीर पडते, त्यातून जंतू केसाच्या मुळाशी शिरतो, मग शरीरातल्या पांढऱ्या पेशी तिथं धावत जातात, लढतात, मरतात, अन् त्या मेलेल्या पेशी अन् मेलेले जंतू मिळून जो चिखल होतो तो पू. म्हणजे आपल्या म्हाताऱ्यांनी केसतोड नाव उगाच नाही ठेवलं, केसाचं मूळ त्यांनी बरोबर धरलं होतं.

"पण हा जंतू आला कुठून?" मी विचारलं.

"नाकातून. दहापैकी तीन जणांच्या नाकात तो राहतोच, काही त्रास देत नाही."

"नाकातून तिथं कसा गेला?"

"हातानं, काका."

यावर मी जास्त काही बोललो नाही. सिस्टर खिडकीबाहेर पाहून राहिल्या होत्या.

मॅडमनी बोटातलं रक्त घेऊन शुगर पाहिली, कारण घडीघडी गळवं होत असली तर आधी डायबेटिस तपासा म्हणे. ती नॉर्मल निघाली. अजून पिकलं नाही, घट्ट आहे, आत्ता कापून काही निघणार नाही, असं सांगून त्यांनी शेक द्यायला लावला, स्वच्छ कपडा सोसवेल एवढ्या गरम पाण्यात पिळून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. दाबायचं नाही, सुई खुपसायची नाही, दाबलं तर पू आत पसरतो. नाकाजवळ किंवा वरच्या ओठावर झालं तर बोटसुद्धा लावू नका, तिथल्या शिरा आत मेंदूकडे जातात. ताप आला किंवा लाली पसरायला लागली तर वाट न पाहता यायचं, नाहीतर दोन दिवसांनी दाखवा, मऊ पडलं की कापू.

त्या दोन दिवसातच सासरचा फोन आला. धोंड्याचा महिना, जावयाला बोलावणं, 33 अनारसे करून ठेवले. मी म्हटलं पुढच्या आठवड्यात जाऊ, तर बायकोनं असं पाहिलं की मी गप कपडे भरले. आर्णी तालुक्यात सासर, रस्त्याला डांबर कमी अन् खड्डे जास्त, तेवढा रस्ता मी फूटरेस्टवर उभा राहून गाडी चालवली. मागून बायको म्हणे, "अहो बसा ना, लोक पाहून राह्यले."

सासूबाई दारातच. "या जवाईबापू, बसा. काऊन उभे हाय?"

"गाडीवर बसून बसून कंटाळा आला."

संध्याकाळपर्यंत मी भिंतीला टेकून चहा प्यायलो, खांबाला टेकून गप्पा मारल्या, सासऱ्यासोबत उभ्याउभ्या सोयाबीनच्या भावावर चर्चा केली. साळ्याला विश्वासात घेतलं तर त्यानं डोळे चमकवून विचारलं, "भाऊजी, नवं ब्लेड हाय माह्याजवळ, पाहू का?" त्याला हात जोडले. पण आजेसासू बाजेवरून माझी चाल पाहत होती. नव्वदीची बाई, नीट दिसत नाही म्हणतात. ती सगळ्यांसमोर बोलली, "केसतोड होय ते. बुडावर." झालं, सगळं घर गप्प, मेहुणी तोंडाला पदर लावून आत पळाली.

मग जवसाचं पोटीस आलं. जवस कुटून, शिजवून, फडक्यात बांधून. साळ्यानं ते मला पोचवलं आणि मी रात्रभर पालथा. खोटं कशाला बोलू, गरम गरम पोटीस लागलं तेव्हा जीवाला जे बरं वाटलं ते सांगता येत नाही. मॅडमचा शेक आणि आजीचं पोटीस, आतून एकच काम, ऊब लागली की रक्त खेचल्या जाते आणि गळू लवकर पिकते. पालथ्या पालथ्या मोबाईलवर वाचत पडलो. अलेक्झांडर ऑग्स्टन नावाच्या स्कॉटिश सर्जननं 1880 मध्ये पुवात हे जंतू पाहिले, द्राक्षाच्या घडासारखे गुच्छ, म्हणून स्टॅफिलोकोकस. आम्ही संत्र्यावाले, आमच्या वाट्याला द्राक्षं आली ती अशी. पुढं 1884 मध्ये त्याच्या पिवळ्या वसाहती पाहून एका जर्मन डॉक्टरनं ऑरियस म्हटलं, म्हणजे सोन्याचा. या महिन्यात लोकांच्या जावयांना सासरहून अंगठी भेटते. माझं सोनं मी घरूनच घेऊन आलो होतो.

सकाळी पाटाची वेळ आली. रांगोळी, समई, सासऱ्यानं पाय धुतले, अंगावर नवा पांढरा पायजमा. सासूबाईंनी पाटावर हळूच एक उशी ठेवली, म्हणजे पाहा, सगळं माहीत आणि चेहऱ्यावर काही नाही. मी दोन्ही हात जमिनीला टेकून एक एक इंच खाली आलो. ताटात पुरणाचे धोंडे, त्यावर तुपाची धार. पहिला घास घेतला, जरा पुढं वाकलो अन् खाली टचकन झालं. आधी डोळ्यापुढं अंधार, मग एक गरम ओघळ, आणि मग असं हलकं वाटलं, असं हलकं, जसं चार दिवस डोक्यावर धरलेलं पोतं कोणी उतरवून घेतलं. डोळ्यातून पाणीच आलं माझ्या.

"पाहा वो, पुरण जमलं," सासूबाई शेजारणीला म्हणाल्या. "जवाईबापूच्या डोळ्यात पाणी आलं."

मी सहा धोंडे खाल्ले. उठता येत नव्हतं म्हणून खाल्ले.

गावी आल्यावर मॅडम रागावल्या. मग तोंड थोडं मोठं करून आतला उरलेला पू काढला, आधी इंजेक्शन दिलं पण पू असतो तिथं भूल नीट धरत नाही हे मला तेव्हा समजलं अन् बाहेर रांगेत बसलेल्या सगळ्यांनाही समजलं. गॉझची वात, रोज ड्रेसिंग, टॉवेल वेगळा, चादरी गरम पाण्यात. पायजम्याचं काय झालं ते बायकोनं मला आजवर सांगितलं नाही.

परवा सासूबाईंचा फोन आला, 17 मे 2026 पासून परत अधिक महिना लागून राहिला. फोन स्पीकरवर, घरात पाहुणे बसलेले.

"या जवाईबापू. यंदा खुर्ची मांडतो."